अधिकार नसलेला कान

हौशी संगीतकारांनी सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकाने आपली नवी चाल ऐकवायची आणि बाकीच्यांनी तिच्यावर बोलायचं, हा प्रकार संगीतातल्या जाणकारांना हास्यास्पद वाटतो. 'ज्याला स्वतःला येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार?' एवढं विचारलं की वाद मिटला, अशी त्यांची खात्री असते. मग कुणी तरी उंटाच्या लग्नाचं ते सुभाषित काढतोच. गाढवं गायला आलेली; ती उंटाच्या रूपावर खूश आणि उंट त्यांच्या गळ्यावर खूश. मंडळी हसतात. हशा पिकला की मुद्दा सिद्ध झाला, असं मानायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे.

मी स्वतः चाली लावतो. पोट त्यावर चालत नाही, चालावं अशी अपेक्षाही नाही. तेव्हा या भांडणात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण जाणकारांचं म्हणणं मला केवळ झोंबतं म्हणून मी लिहीत नाही. ते चुकीचं आहे, आणि त्याच्या दहशतीने अनेक बरी गाणी वहीतच राहतात, म्हणून लिहितो आहे.

आक्षेप थोडक्यात असा. हौशी माणसाला शास्त्र येत नाही, म्हणून त्याला चूक दिसत नाही. दिसली तरी सांगायचं धाडस होत नाही, कारण पाच मिनिटांनी त्याचीच चाल ऐकली जाणार असते. धाडस झालंच, तर ते बहुधा मत्सरातून आलेलं असतं. त्यापेक्षा गुरूकडे जावं, तो सांगेल तेवढं करावं, आणि तोवर गप्प बसावं.

यातला मधला भाग खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. अशा बैठकांना मी गेलो आहे. एखाद्याने रात्री जागून लावलेली चाल संपते. क्षणभर कुणी बोलत नाही. मग 'वा!', 'क्या बात है', 'अंगावर काटा आला'. काटा नेमका कुठे आला, असं विचारलं तर सांगता येत नाही. तेवढ्यात पोहे येतात आणि पुढच्याची पेटी सुरू होते. दुसरा प्रकार याहून त्रासाचा. चाल संपायच्या आत हात वर करून 'हा यमन आहे ना? मग इथे शुद्ध मध्यम कसा?' असं विचारणारा एक गृहस्थ प्रत्येक बैठकीत असतो. भावगीतातल्या शुद्ध मध्यमाने आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. सगळे माना डोलावतात आणि चाल लावणारा बिचारा ओशाळतो.

पण यावरून काय ठरतं? वाईट बोलणं वाईट असतं, एवढंच. बोलूच नये, असं त्यातून निघत नाही. ते सुभाषितच पुन्हा पाहा. गाढवाने रूपाची तारीफ केली, उंटाने आवाजाची; दोघांनीही घाऊक तारीफ केली. 'दुसऱ्या वळणावर तुझी मान जरा जास्तच लांबते,' असं गाढव म्हणालं असतं, तर उंटाला निदान विचार करायला काही तरी मिळालं असतं आणि सुभाषितकाराला विषय उरला नसता. त्या दोघांचा गुन्हा मोघमपणाचा होता. मोघमपणा हा काही हौशी माणसांचा मक्ता नाही. मोठ्या गायकांच्या तोंडून नवोदिताला मिळणारे 'रियाज वाढवा' आणि 'अजून खोल जा' हे अभिप्राय तितकेच घाऊक असतात. फक्त त्यांच्यावर शाल पांघरलेली असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चाल लावणाऱ्याला स्वतःची चाल पहिल्यांदा ऐकता येत नाही. ती त्याच्याकडे तुकड्यातुकड्याने आलेली असते. मुखडा लोकलमध्ये सुचलेला, अंतऱ्याची पहिली ओळ आंघोळ करताना, दुसरी पेटीवर झगडून काढलेली. गाणं पुरं होईपर्यंत त्याने ते इतक्या वेळा गुणगुणलेलं असतं की त्यातली प्रत्येक जागा त्याला अटळ वाटू लागते. सवयीलाच तो सौंदर्य समजू लागतो. शिवाय न वाजणाऱ्या गोष्टीही त्याला ऐकू येतात. मुखड्यानंतर बासरी येणार, अंतऱ्याआधी तबला थांबणार, शेवटी कोरस उचलणार, हे सगळं त्याच्या डोक्यात आधीच वाजत असतं. समोरच्याला मात्र एक पेटी आणि एक बेताचा गळा, एवढंच ऐकू येतं. हा समोरचा कान पहिल्यांदा ऐकतो आहे, आणि पहिल्यांदा ऐकणं एकदाच होतं. दुसऱ्या वेळी तोही निम्मा आतला झालेला असतो. म्हणून पहिल्या ऐकण्यात आपल्याला काय झालं, हे तिथल्या तिथे आणि जागा दाखवून सांगणारा माणूस संगीतकाराला फार मोलाचा असतो. त्याचं शिक्षण किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, कवितेत अशी ओळ आहे: 'परतलो नाही थांबलो'. कवीचा माणूस परतलेला नाही. तो थांबला आहे. चाल लावणाऱ्याने कविता दहादा वाचलेली असल्याने हे त्याच्या मनात पक्कं आहे. पण चालीत त्याने 'परतलो'वर चार मात्रांचा ठहराव दिला, तिथे सुंदर गंधार लावला आणि 'नाही थांबलो' पुढच्या आवर्तनात टाकलं. ऐकणाऱ्यासाठी तो माणूस घरी पोचला! कवितेचा अर्थ उलटा झाला, आणि चाल लावणाऱ्याला तो शंभर वेळा गाऊनही कळणार नाही, कारण त्याच्या मनातला अर्थ प्रत्येक वेळी गंधाराच्या आधी हजर असतो. हे पकडायला मारव्यातला आणि पूरियातला फरक कळावा लागत नाही. कविता न वाचलेला, मराठी समजणारा आणि लक्ष देऊन ऐकणारा माणूस पुरतो.

मग हौशी संगीतकारच कशाला, शेजारीपाजारी का नकोत? शेजारी जरूर हवेत. पण शेजारी म्हणेल, 'छान आहे, मध्येच जरा काही तरी झालं.' स्वतः चाली लावणारा म्हणेल, 'दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी मला गाणं संपलं असं वाटलं, आणि तू परत मुखड्यावर आलास तेव्हा मी दचकलो.' यातून चाल लावणाऱ्याला शोधता येतं की आपण दोन्ही अंतरे षड्जावर आणून बसवले आहेत, त्यामुळे ध्रुवपदाकडे परतायची ओढच उरलेली नाही. त्या खिळ्यावर बोलणाऱ्याचाही पाय कधी तरी पडलेला असतो, म्हणून त्याला जागा दाखवता येते. मधल्या पायरीवरचा माणूस आहे तो. कान अजून श्रोत्याचा, आणि जागेचं नाव सांगण्यापुरती भाषा त्याच्याकडे आलेली. इलाज त्याने सांगायचाच नाही. खरं तर हौशी माणसाने सुचवलेले इलाज बहुतेक वेळा निरुपयोगी असतात. 'इथे कोमल निषाद घेऊन बघ' म्हणजे 'मी असतो तर असं केलं असतं', याहून त्यात जास्त काही नसतं. पण खटकलेली जागा सहसा खोटी नसते. चौघांना एकाच ठिकाणी खटकलं, तर चौघांचे चार इलाज बाजूला ठेवावेत आणि ती जागा पुन्हा उघडावी.

श्वासाचंच घ्या. पेटीवर चाल बांधणाऱ्याला श्वास लागत नाही; भाता त्याच्या हातात असतो. तो दोन ओळी एका दमात गुंफतो, मध्ये कुठे फट ठेवत नाही. बैठकीतल्या गाणाऱ्या बाईंना त्या ओळी दिल्या की दुसरी ओळ संपायच्या आत त्यांचा चेहरा सगळं सांगतो. पट्टीचंही तसंच. स्वतः खालच्या सप्तकात गुणगुणत बांधलेली चाल अंतऱ्यात तार पंचमापर्यंत जाते आणि गाणारा तिथे पोचेपर्यंत कवितेचा शब्द ओरडण्यात हरवतो. या गोष्टी पुस्तकात असतात, पण पुस्तक आपलं गाणं ऐकत नाही.

हल्ली यात लॅपटॉपची भर पडली आहे. घरबसल्या वीस व्हायोलिनं मागे उभी करता येतात, आणि मागे वीस व्हायोलिनं असली की कुठलीही सामान्य चाल भरदार वाटते. तयार ट्रॅक ऐकवणाऱ्याला मी तरी आधी सांगतो, ते सगळं बंद कर आणि नुसत्या तानपुऱ्यावर गा. काही जण रागावतात. रागावणाऱ्यांच्या चाली बहुधा व्हायोलिनांच्याच असतात.

आता अधिकाराकडे. हौशी माणसाच्या मताला अधिकार नसतो, हा जाणकारांचा हुकमी एक्का. मी म्हणतो, खरं आहे. आणि त्यातच त्या मताचा उपयोग आहे. गुरूने 'हे काढ' म्हटलं की शिष्य काढतो. का काढलं, हे विचारत नाही. विचारणं उद्धटपणाचं ठरतं. बरोबरीचा माणूस 'हे काढ' म्हणाला, की 'का?' असं विचारावंच लागतं. तो कारण देतो, आपण वाद घालतो. कधी त्याचं पटतं, कधी वाद घालतानाच आपल्याला आपली जागा का हवी आहे ते पहिल्यांदा कळतं आणि ती ठेवायचा धीर येतो. दोन्ही बाजूंनी फायदा चाल लावणाऱ्याचाच. अधिकार नसलेलं मत तोलून घ्यावं लागतं, आणि तोलायची सवय लागणं हेच संगीतकाराचं निम्मं शिक्षण.

हा वाद आपल्याकडे सुरू झालेला नाही. १८६१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये अंतोन रुबिन्स्टाइन या युरोपभर गाजलेल्या पियानोवादकाने लेख लिहून तक्रार केली होती की रशियात संगीत हौशी लोकांच्या हाती आहे आणि ते त्याचं नुकसान करत आहेत. रीतसर शिक्षण देणारी संस्था हवी. पुढच्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने तिथे कॉन्झर्वेटरी सुरू झाली. कलासमीक्षक व्लादिमिर स्टासोव्हने त्याला उत्तर दिलं होतं की अशा संस्थांतून सामान्य कुवतीचीच पैदास होते. दोघेही अतिशयोक्ती करत होते. पण त्याच शहरात तेव्हा जी मंडळी एकमेकांच्या घरी जमत होती, त्यांनी या वादाचा निकाल बऱ्यापैकी लावला.

मिली बालाकिरेव कझानच्या विद्यापीठात गणित शिकायला गेलेला. संगीतरचनेचं पद्धतशीर शिक्षण नाही, पियानोच्या शिकवण्या करून जगायचा. सेझार क्युई लष्करी इंजिनिअर, तटबंदीच्या शास्त्रातला तज्ज्ञ. मोडेस्ट मुसोर्गस्की लष्करातली नोकरी सोडून सरकारी कारकुनीत गेलेला. निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदल अधिकारी. अलेक्झांडर बोरोदिन वैद्यकीय अकादमीत रसायनशास्त्राचा प्राध्यापक. अल्डोल अभिक्रियेच्या शोधात त्याचं नाव आजही घेतात. ही पाच माणसं जमायची, आपापल्या अपुऱ्या रचना पियानोवर वाजवायची आणि एकमेकांना बोलायची. जाणकारांच्या भाषेत उंट आणि गाढवं. रिम्स्की-कोर्साकोव्हची पहिली सिंफनी याच बोलण्यातून घडली. मधली काही वर्षं तो 'अल्माझ' नावाच्या जहाजावर होता. सिंफनीचा एक भाग त्याने इंग्लंडच्या किनाऱ्यावरून टपालाने बालाकिरेवला पाठवला होता. १८६५च्या डिसेंबरात ती वाजली, तेव्हा टाळ्यांना उत्तर द्यायला नौदलाच्या गणवेशातला एकवीस वर्षांचा पोरगा व्यासपीठावर आला.

पण या गोष्टीची दुसरी बाजू लपवली तर मी माझ्या पक्षाची वकिली करतो आहे, असं होईल. बालाकिरेव हळूहळू बरोबरीचा राहिला नाही, मालक झाला. रिम्स्की-कोर्साकोव्हने आत्मचरित्रात त्याच्या पद्धतीचं वर्णन केलं आहे. संपूर्ण रचनेचा विचार व्हायचाच नाही. पहिले चार बार उत्तम, पुढचे आठ कमजोर, त्यानंतरची धून टाकाऊ, तिथून पुढे जाणारी जागा छान, असा तुकड्यांचा हिशेब चालायचा. मग बालाकिरेव स्वतः पियानोवर बसायचा आणि ती जागा कशी हवी ते वाजवून दाखवायचा. अर्थातच ती त्याची होऊन जायची. ऐकणाऱ्याने खटकलेली जागा सांगायची सोडून स्वतःच घर बांधायला घेतलं की असं होतं. १८६७मध्ये मुसोर्गस्कीने बोडक्या डोंगरावरच्या रात्रीचं वाद्यवृंदासाठीचं चित्र लिहिलं. बालाकिरेवला ते आवडलं नाही, त्याने बदल सुचवले, मुसोर्गस्कीने ते करायला साफ नकार दिला. ती रचना मुसोर्गस्कीच्या हयातीत वाजलीच नाही. नकार द्यायची किंमत एवढी मोठी असू शकते. पुढे त्या मंडळातली माणसं आपापल्या वाटेने गेली, यात मला नवल वाटत नाही.

याच मंडळातला दुसरा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो. १८७१च्या शरद ऋतूपासून पुढच्या वर्षी रिम्स्की-कोर्साकोव्हचं लग्न होईपर्यंत तो आणि मुसोर्गस्की एका खोलीत राहिले. खोलीत पियानो एकच. सकाळी तो मुसोर्गस्कीचा. तेव्हा दुसरा लिहिलेल्या संगीताची नक्कल उतरवायचा किंवा वाद्यवृंदाची मांडणी लिहायचा. दुपारी मुसोर्गस्की कचेरीत गेला की पियानो मोकळा. एक 'बोरीस गोदुनोव्ह'ची सुधारित आवृत्ती लिहीत होता, दुसरा 'प्स्कोव्हची कन्या' हा आपला ऑपेरा. दोघांचं सतत बोलणं चालू असायचं. इथे कुणी कुणाचा मालक नव्हता, आणि दोघांनाही आपापला ऑपेरा आपल्या पद्धतीने पुरा करता आला. समान माणसांत अभिप्राय कसा चालतो, हे पाहायचं तर त्या खोलीत पाहावं.

क्युईने काय केलं तेही सांगायला हवं. १८७४मध्ये 'बोरीस' रंगभूमीवर आला आणि क्युईने वर्तमानपत्रात त्यावर बोचरी टीका छापली. मुसोर्गस्कीला ती फार लागली. इतकी वर्षं एकत्र बसलेल्या माणसाकडून त्याची ती अपेक्षा नव्हती. काम मऊ असताना खोलीत बोलायचं, की ते पक्कं झाल्यावर गावासमोर बोलायचं, हा फरक ज्याला कळत नाही त्याला आपल्या चाली ऐकवू नयेत. परीक्षण हा वेगळा व्यवसाय आहे, तो करणाऱ्याने खुशाल करावा. पण पोहे खाऊन करू नये.

आता 'गुरूकडे जा' म्हणणाऱ्यांसाठी याच गोष्टीचा पुढचा भाग. १८७१मध्ये रिम्स्की-कोर्साकोव्हला त्याच कॉन्झर्वेटरीत प्राध्यापकाची जागा मिळाली. तोपर्यंत त्याला हार्मनी आणि काउंटरपॉइंट जवळजवळ येत नव्हतं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. तो शिकवता शिकवता शिकला आणि आपल्या काळातल्या थोर तज्ज्ञांपैकी एक झाला. मुसोर्गस्की १८८१मध्ये वारल्यावर या तज्ज्ञाने अतिशय प्रेमाने मित्राचं संगीत 'दुरुस्त' केलं. 'बोरीस'ची त्याची आवृत्ती १८९६ची, आणखी एक १९०८ची. ओबडधोबड वाटलेल्या स्वरसंगती घासून गुळगुळीत केल्या, चुका वाटलेल्या जागा सुधारल्या. कित्येक दशकं जग हीच आवृत्ती ऐकत होतं, आणि तिने ऑपेरा जगवला, हेही मान्य करायला हवं. पण १९२८मध्ये पावेल लाम यांनी मुसोर्गस्कीची मूळ संहिता संपादित करून छापली. आज अनेक ऑपेरागृहं मुसोर्गस्कीचंच मूळ गाणं पसंत करतात. तज्ज्ञाला ज्या चुका दिसल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी मुसोर्गस्कीचं म्हणणं होत्या. शास्त्र येणाऱ्याला चूक दिसते हे खरं. चूक नसलेली गोष्टही त्याला चूक दिसू शकते, हेही तितकंच खरं.

आणि ज्याने रीतसर शिक्षण घेतलं होतं, त्या चायकोव्हस्कीचं काय झालं? तो पीटर्सबर्गच्या कॉन्झर्वेटरीतून शिकून मॉस्कोत शिकवत होता. 'रोमिओ आणि ज्युलिएट'ची कल्पना त्याला सुचवली बालाकिरेवने. कच्च्या खर्ड्यावर पत्रातून टीका केलीही त्यानेच. सुरुवात चर्चमधल्या समूहगानाच्या वळणाची हवी, हे त्याचं म्हणणं. चायकोव्हस्कीने सगळं मानलं नाही, पण १८७०मध्ये सुरुवात नव्याने लिहिली आणि रचना बालाकिरेवला अर्पण केली. आज जगभर वाजणारी प्रस्तावना ही त्या नव्या सुरुवातीची आहे. म्हणजे रीतसर न शिकलेल्या माणसाने रीतसर शिकलेल्याला जागा दाखवली. याउलट १८७४च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी हाच चायकोव्हस्की आपला पहिला पियानो कन्सर्टो घेऊन मॉस्को कॉन्झर्वेटरीचा प्रमुख निकोलाय रुबिन्स्टाइनकडे गेला. हा अंतोनचा धाकटा भाऊ, स्वतः थोर वादक. चायकोव्हस्कीला नेमकी एक गोष्ट हवी होती: पियानोच्या दृष्टीने कुठल्या जागा वाजवायला अशक्य किंवा निष्फळ आहेत, ते सांगा. रुबिन्स्टाइन आधी गप्प बसला, मग सगळी रचनाच निकामी म्हणून मोकळा झाला. चायकोव्हस्की म्हणाला, एक सूर बदलणार नाही. पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये हान्स फॉन ब्यूलोने कन्सर्टो वाजवला. नंतर खुद्द निकोलायही तो वाजवू लागला. आणि नंतरच्या वर्षांत चायकोव्हस्कीने पियानोच्या जागा सुधारल्याही, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं तर ते काम काही वर्षं आधी झालं असतं.

आपल्या गुरुपरंपरेबद्दल मला आदर आहे. पण रागाची तालीम आणि कवितेला चाल लावणं ही कामं वेगळी आहेत. वर्षानुवर्षं ख्याल शिकलेल्या माणसाने लावलेली चाल कित्येकदा बंदिशीच्या वळणावर जाते. ऱ्हस्व अक्षरावर आलाप, दीर्घावर घाई, आणि कवितेतला महत्त्वाचा शब्द समेच्या मागे कुठे तरी लपलेला. यशवंत देवांना 'शब्दप्रधान गायकी'वर अख्खं पुस्तक लिहावं लागलं, ते उगाच नाही. शिवाय व्यवहार पाहा. कुठला गुरू तुमच्या एकाच चालीचे सहा खर्डे ऐकायला बसेल? आणि बसायला तयार असला तरी कुठला शिष्य त्याच्यासमोर कच्चा खर्डा काढेल? तो पक्कं झालेलं घेऊन जाणार, म्हणजे जेव्हा बोलण्याचा उपयोग संपलेला असतो तेव्हा. गुरूकडे जाऊ नका, असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे सहावा खर्डा घेऊन जा. आधीच्या पाचांसाठी बरोबरीची माणसं लागतात.

गंमत अशी की हेच आपण नाटकात सहज मान्य करतो. राज्य नाट्यस्पर्धेत 'हौशी' हा शब्द सरकारी कागदावर अभिमानाने छापलेला असतो. बँकेतली, वीज मंडळातली, शाळेतली माणसं तालमी करतात, आणि नव्या संहितेचं वाचन मित्रांसमोर झाल्याशिवाय लेखक ती पुढे नेत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीला माजी विद्यार्थी येऊन बसतात, जागा दाखवतात, भांडतात. कविमंडळींचे तर कट्टेच असतात. त्यांना कुणी विचारत नाही की तुमच्यातला केशवसुत कोण. मग पेटी घेऊन बसलेल्यांनाच सुभाषित का ऐकवायचं? मला वाटतं, संगीताभोवती आपण सोवळं जरा जास्त पाळतो.

मत्सराचा मुद्दा राहिला. तो असतो. पण मोघम माणसाला मत्सर लपवता येतो, जागा दाखवणाऱ्याला लपवता येत नाही. 'तुझ्या चालीत दम नाही' असं सहज म्हणता येतं. 'तिसऱ्या ओळीत तू मुखड्याचीच वळणं परत घेतलीस, म्हणून मला अंतरा वेगळा वाटला नाही' असं खोटं म्हणता येत नाही, कारण चाल समोर असते आणि पुन्हा गाऊन बघता येते.

ज्या मंडळींच्या बैठका होतात, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ऐकवण्याआधी कवितेचा अर्थ सांगू नका आणि मनातली बासरीही सांगू नका. चाल झाल्यावर 'कशी वाटली?' ऐवजी एक नेमका प्रश्न विचारा. आणि कुणी बोलत असताना समर्थन करू नका, लिहून घ्या. पोहे शेवटी.

आणि जाणकारांना एक विनंती. एखाद्या रविवारी यावं. सुभाषित आम्हाला पाठ आहे, ते आणू नये. त्याऐवजी स्वतः लावलेली, अर्धवट राहिलेली, अजून कुणालाच न ऐकवलेली एक चाल आणावी. पहिली पाळी त्यांचीच.